हॅल्वर ब्रेक्केचा शेवटचा शॉट

चॅट्सवर्थ,
९ मार्च १९४७

प्रिय एमेट,

तुझी फुलं पोचली, घरातच ठेवली आहेत. स्टुडिओकडून माणसाच्या उंचीचं पुष्पचक्र आलं होतं. ते दाराबाहेर राहिलं आणि शेजारच्या मिसेस ओर्तेगाच्या बकरीने खाल्लं. हॅल असता तर बकरीला कामावर घेतलं असतं.

दफनाच्या वेळी तू पलीकडच्या बाजूला उभा राहिलास आणि न बोलता गेलास. मला त्याचा राग नाही. तू वीस वर्षं त्याचा सहायक होतास, आणि काय बोलावं हे मलाही सुचत नव्हतं.

राहिलेला सिनेमा तुझ्याकडे दिलाय असं ऐकलं. बरं झालं. कोर्टातलं आणि दुकानातलं तेवढं राहिलंय, असं हॅल म्हणाला होता. ते तू डोळे मिटून करशील. शेवट मात्र झालेला आहे. तो इथे माझ्या ओसरीवर, माझ्या डोळ्यांदेखत झाला. नवरा स्वतःहून फाशी जायला घोड्यावरून निघालाय, बायको शेंगा सोलत बसली आहे. तो खडकांच्या मागे दिसेनासा होईपर्यंत ती बघते, आणि मग पुन्हा शेंग हातात घेते. ती रडत नाही. कॅमेरा कुंपणापाशी, लांब. हॅल एकदाच "झालं" म्हणाला आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. नंतरच्या रविवारी तो गेला.

हे तुला सांगायचं कारण असं. ती बायको झालेली रोझलिंड टेट काल येऊन गेली. कॉफी घेतली, ॲपल पायच्या तुकड्याला हात लावला नाही, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. म्हणाली, "ऑगस्टा, आमच्या स्टुडिओच्या साहेबाने, स्ट्रॅटनने, शेवट बघितला. म्हणतो, एवढ्या लांबून मला कळणार कसं की बाईला दुःख झालंय? त्याला माझा चेहरा हवाय, जवळून. गालांवर पाणी हवंय."

मी म्हटलं, "मग?"

म्हणाली, "मग काय. मी नोकर माणूस. सांगतील तेव्हा रडेन."

ती नोकर असेल, तूही असशील. पण तो शेवट पुरा झालेला आहे. त्याला हात लावू नकोस, एवढंच मागते. रविवारी जेवायला ये.

तुझी,
ऑगस्टा


हॉलिवूड,
१७ मार्च १९४७

प्रिय मिसेस ब्रेक्के,

आपलं पत्र मिळालं. श्री. ब्रेक्के यांच्या निधनाने स्टुडिओची जी हानी झाली आहे ती भरून न येणारी आहे, असं श्री. स्ट्रॅटन यांनी मला आवर्जून कळवायला सांगितलं आहे.

चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगात कु. टेट यांचा एक जवळून घेतलेला शॉट जोडावा, असा निर्णय झाला आहे. मूळ शेवट तसाच राहील, फक्त त्याच्या मधोमध हा शॉट येईल. त्यासाठी २८ मार्च रोजी सकाळी आपल्या घराची ओसरी पुन्हा वापरायला मिळावी, ही विनंती. आपल्याला त्रास होणार नाही याची काळजी घेतली जाईल.

रविवारी येणं जमणार नाही.

आपला,
एमेट रोर्क


चॅट्सवर्थ,
१९ मार्च १९४७

प्रिय एमेट,

वीस वर्षं माझ्या टेबलावर जेवलास, माझ्या न्हाणीघरात दाढी केलीस, एकदा माझ्या सोफ्यावर ओकलास, आणि आता मी मिसेस ब्रेक्के. बरं. मग मिसेस ब्रेक्के सांगते ते ऐक. ओसरी मिळणार नाही.

"मूळ शेवट तसाच राहील, फक्त मधोमध." हे तू लिहिलंस? दुधात फक्त मधोमध लिंबू पिळायचं, बाकी दूध तसंच राहील, असं म्हण ना.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगते, कारण तू विसरलेला दिसतोस. हॅल मिनेसोटाहून आला तो सुतार म्हणून. बोलपटांच्या आधीच्या काळात तो खोट्या गावांच्या खोट्या भिंती ठोकत असे. एकदा दिग्दर्शक दारू पिऊन पडला, तेव्हा भिंत ठोकणाऱ्याला म्हणाले, तूच उरक. त्याने उरकलं. मग घोड्यांचे सिनेमे, पुन्हा घोड्यांचे सिनेमे. वर्षाला चार-चार. मोठ्या सिनेमाच्या आधी दाखवायचे, म्हणजे लोकांना खुर्च्यांवर बसून शेंगदाणे संपवायला वेळ मिळावा. ते त्याने कधी कमीपणाचं मानलं नाही. म्हणायचा, "गस्टा, शेंगदाणे खाणाऱ्याचं लक्ष वेधून घेणं सगळ्यांत अवघड."

फिल्म वाचवतो म्हणून स्टुडिओवाले त्याच्यावर खूश असत. कंजूष ब्रेक्के म्हणायचे. बाकीचे एकच प्रसंग लांबून, जवळून, बाजूने, खालून, दहा तऱ्हांनी घेऊन ठेवत. हॅल हवा तेवढाच तुकडा घेई आणि पुढे जाई. तो असं का करतो, हे स्ट्रॅटनला फार उशिरा उमगलं. जास्तीचा तुकडाच नसेल तर त्याच्यामागून कोणी सिनेमा बदलणार कशाने? उमगलं तेव्हा स्ट्रॅटन आमच्या घरी येऊन याच ओसरीवर ओरडला होता, "ब्रेक्के, तू मला जोडायला चिंधीसुद्धा ठेवत नाहीस." हॅल म्हणाला, "चिंध्या लागतात फाटक्याला."

तूही तिथेच होतास, खांबाला टेकून हसत.

मी आठवीपुढे शिकले नाही. वाचायची गोडी लागली ती हॅलच्या पटकथांमुळे, आणि आता वाचनालयातली बाई मला माझं कार्ड विचारत नाही. चांगलं पुस्तक मला ओळखता येतं. कुठे थांबावं हे लिहिणाऱ्याला कळलं नसेल तर तेही कळतं. हॅलला कळलं होतं.

ऑगस्टा


हॉलिवूड,
२४ मार्च १९४७

प्रिय मिसेस ब्रेक्के,

आपल्या भावना समजू शकतो. तरीही चित्रपट ही स्टुडिओची मालमत्ता आहे, आणि अंतिम स्वरूप ठरवण्याचा अधिकार श्री. स्ट्रॅटन यांचा आहे. मला जे काम दिलं आहे ते मी करीत आहे.

२८ तारखेला सकाळी आम्ही येऊ. फाटक उघडं ठेवावं, ही विनंती.

आपला,
एमेट रोर्क


चॅट्सवर्थ,
२६ मार्च १९४७

एमेट,

फाटक उघडं ठेवते. या.

पण येण्याआधी ऐकून ठेव, उगाच कॅमेरे लादून आणाल. घर आता पांढरं नाही. काल आणि आज मिळून पुढची सगळी बाजू मी गडद तपकिरी रंगवली आहे, खांब आणि कठडा धरून. मिसेस ओर्तेगाने शिडी धरली. ती खालून म्हणाली, "ऑगस्टा, नवरा गेल्यावर बाईने काळं नेसायचं असतं, घराला नाही नेसवायचं." मी म्हटलं, "घर त्याने बांधलंय. त्यालाही सुतक आहे." रंग माझ्या केसांत आहे, नखांत आहे, आणि कंबर तर विचारू नकोस. तुमच्या सिनेमातलं घर पांढरंशुभ्र आहे. हे तपकिरी घर त्याच्या मधोमध जोडून बघा.

आता दुसरी गोष्ट. ती तुला ठाऊक नाही, कारण हॅलने आणि मी ती कोणालाच सांगितली नव्हती.

आमचा मुलगा आर्ने लढाईत पडल्याची तार आली तेव्हा तू फौजेत होतास, म्हणून इथे नव्हतास. चव्वेचाळीसचा ऑगस्ट. मी ओसरीवर शेंगा सोलत होते. तारवाला पोरगा सायकलवरून आला, तार दिली, गेला. मी वाचली. घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवली. मग उरलेल्या शेंगा सोलल्या. का, ते मला आजही सांगता येणार नाही. रात्रीचं जेवण व्हायचं होतं, आणि शेंगा अर्ध्या राहिल्या होत्या.

हॅल कुंपणाची फळी बसवत होता. त्याने पोराला येताना पाहिलं, जाताना पाहिलं. माझ्याकडे बघून त्याला कळलं. तो धावत आला नाही. माझं होईपर्यंत तिथेच उभा राहिला, हातोडी धरून. माझ्यावर कोणी केलेली सगळ्यांत मोठी दया ती. शेवटची शेंग झाल्यावर तो आला आणि शेजारी बसला.

दोन वर्षांनी हा सिनेमा त्याच्याकडे आला. पटकथेत शेवटी बायको फाटकापर्यंत धावते आणि धुळीत पडून रडते. हॅलने ते पान मला दाखवलं. म्हणाला, "गस्टा, ही असं करणार नाही."

मी म्हटलं, "नाही करणार."

मग म्हणाला, "वापरू का?"

मला कळलं तो काय विचारतोय. मी म्हटलं, "वापर. पण तिला रडवू नकोस. आणि जवळ जाऊ नकोस."

"नाही जाणार," म्हणाला. म्हणून कॅमेरा कुंपणापाशी आहे, एमेट. तो जिथे उभा होता तिथे.

आता स्ट्रॅटनला जवळ जायचंय. स्टुडिओचा अधिकार असेल. कागदावर असेलही. पण ती दुपार माझी आहे आणि माझ्या नवऱ्याने मला शब्द दिलाय. तो गेला म्हणून शब्द गेला नाही.

ऑगस्टा


हॉलिवूड,
७ एप्रिल १९४७

प्रिय मिसेस ब्रेक्के,

आपल्या घराची आता आवश्यकता नाही. २८ तारखेला रस्त्यावरून जी मापं घेतली गेली त्यांवरून आपली ओसरी स्टुडिओतल्या चार नंबरच्या स्टेजवर जशीच्या तशी बांधण्यात येत आहे. चित्रीकरण पुढच्या आठवड्यात होईल. दिग्दर्शन मी करणार आहे.

आपल्या सहकार्याबद्दल आभार.

आपला,
एमेट रोर्क


चॅट्सवर्थ,
९ एप्रिल १९४७

मिस्टर रोर्क,

सहकार्य मी केलं नाही. तेव्हा आभार परत घ्या.

माझ्या मुलाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. मापं आहेत, स्टेजचा नंबर आहे. मी तुम्हाला ओळखत होते असं मला वाटत होतं. ती माझी चूक, आणि ती मी पुन्हा करणार नाही.

पंचेचाळीसमध्ये तुम्ही फौजेतून परतलात तेव्हा स्टुडिओत तुमच्या जागी दुसरा बसला होता. हॅल स्ट्रॅटनकडे गेला आणि म्हणाला, "रोर्क नाही तर मीही नाही." पुढचा मोठा सिनेमा त्याच्या हातून गेला तो त्यामुळे. तुम्हाला तो कधी बोलला नाही. मलाही बोलू दिलं नाही. आता मला अडवायला तो नाही.

बांधा ओसरी. तिच्यावर खुशाल रडवा तिला. सिनेमा थिएटरात लागेल त्या दिवशी मी दारात उभी राहीन आणि आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगेन की हे हॅल्वर ब्रेक्केचं काम नाही. मला हुसकावून लावलं तर पलीकडच्या फुटपाथवरून सांगेन. माझा आवाज मोठा आहे, आणि मला आता घरी लवकर जायची घाई नसते.

पुन्हा पत्र लिहू नका.

ऑगस्टा ब्रेक्के


बर्बँक,
३० मे १९४७

प्रिय ऑगस्टा,

लिहू नका म्हणालात, तरी लिहितोय. हाताने लिहितोय, कारण आता माझ्याकडे टाइप करणारं कोणी नाही. परवा मला काढून टाकलं.

स्टुडिओतून जाणारी पत्रं मिस पामर टाइप करते, आणि एकेक प्रत स्ट्रॅटनच्या टेबलावर जाते. येणारीसुद्धा आधी फुटतात. मी 'मिसेस ब्रेक्के' लिहीत होतो ते त्यामुळे. घरून का लिहिलं नाही, असं तुम्ही विचाराल. मला स्वतःची खात्री नव्हती. तुम्हाला काही कबूल करायचं आणि मग माघार घ्यायची, त्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या, असं वाटलं. खाल्ल्या.

आर्नेबद्दलचं पत्र नशिबाने मिस पामर सुट्टीवर होती त्या दिवशी आलं. मी ते फाइलला लावलं नाही. कोटाच्या आतल्या खिशात आहे. स्ट्रॅटनच्या हाती पडलं असतं तर त्याने ते जाहिरातीत छापलं असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

मी नकार दिला असता तर दुसऱ्याने येऊन तासाभरात तो शॉट घेतला असता, आणि चांगला घेतला असता. म्हणून मीच घेतला.

ओसरी हुबेहूब बांधली होती. सुतारांनी कठड्याची ती मोडकी पट्टीसुद्धा मोडकी बसवली, खांबावर घराचा आकडा ठोकला. मला तिथे उभं राहवेना. रोझलिंड येऊन बसली, मांडीवर टोपली. मी म्हटलं, "तो निघालाय. त्याच्याकडे बघ. डावीकडे."

ती म्हणाली, "एमेट, हॅलने त्याला उजवीकडे पाठवला होता. खडक उजवीकडे आहेत."

मी म्हटलं, "आज डावीकडे बघ."

ती माझ्याकडे बघत राहिली. कॅमेऱ्यावरचा म्हातारा गुंथर खाकरला आणि त्याला अचानक भिंगावर धूळ दिसली. तो पुसत बसला. मग रोझलिंड म्हणाली, "बरं. मला काय. सांगतील तिकडे बघणार." आणि रडली. ऑगस्टा, तुम्हाला राग येईल, पण फार सुंदर रडली. दिवे धरणारे नाक पुसत होते. सगळं डावीकडे बघून.

कामाच्या पहिल्या आठवड्यात पोरं ही चूक करतात आणि त्यांना सगळ्यांसमोर झापलं जातं. मी स्वतः कितीजणांना झापलंय. लांबच्या शॉटमध्ये नवरा उजवीकडे निघालाय आणि जवळच्या शॉटमध्ये बायको डावीकडे बघतेय. एकामागून एक दाखवलं की वाटतं, नवरा फाशीला चाललाय आणि ही भलत्याच कोणाची तरी वाट बघत रडतेय.

हे सगळं जोडून स्ट्रॅटनसमोर यायला तीन आठवडे गेले. दाखवण्याच्या खोलीत पडद्यावर ते आलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "हा दुसरा कोण? आधी का नाही दाखवला?" सगळी खोली हसली. स्ट्रॅटन सोडून.

त्याने फिल्म उलटी करून लावायला सांगितली, म्हणजे डावं उजवं होईल. केली. रोझलिंडची नजर बरोबर झाली, आणि तिच्या मागच्या खांबावरचा आकडा आरशातल्यासारखा उलटा झाला. पुन्हा शॉट घ्या म्हणाला. तोवर ओसरी मोडून तिथे जहाजाची शिडी बांधली होती, आणि रोझलिंड दुसऱ्या स्टुडिओच्या सिनेमासाठी केस मुलासारखे कापून बसली होती. सिनेमा लावायची तारीख तर थिएटरांना कळवून झाली होती.

स्ट्रॅटनने मला बोलावलं. म्हणाला, "रोर्क, इतकी वर्षं ब्रेक्केच्या हाताखाली काढलीस आणि तुला डावं-उजवं कळत नाही?"

मी म्हटलं, "नाही कळत, साहेब."

म्हणाला, "या गावात तुला कोणी कुत्र्याचा सिनेमा देणार नाही."

तो हे खरं करून दाखवतोय. गावभर झालंय की रोर्कला नजरेची दिशा सांभाळता येत नाही. काल न्हाव्याने मला विचारलं, भांग कोणत्या बाजूला पाडू, आणि खुर्चीवरचे सगळे हसले. मीही हसलो. मी मुद्दाम केलं असं कोणाला सांगू नका. ते सिद्ध झालं तर ते मला कोर्टात खेचतील. मूर्खाला कोणी खेचत नाही.

जवळचा शॉट काढून टाकलाय. शेवट कुंपणापासून आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दिग्दर्शक म्हणून एकच नाव आहे. माझं घालू नका हे मी सांगायच्या आधीच त्यांनी घातलं नव्हतं.

पंचेचाळीसची ती गोष्ट मला ठाऊक नव्हती. ती वाचली तोवर ओसरी अर्धी बांधून झाली होती. त्यामुळे हे मी परतफेड म्हणून केलं असं समजू नका. तुमचं आर्नेचं पत्र वाचलं तेव्हाच ठरलं होतं.

तुमचा,
एमेट


चॅट्सवर्थ,
२१ सप्टेंबर १९४७

प्रिय एमेट,

जूनमध्ये तू जेवायला आलास तेव्हा आपण दोघं याबद्दल काही बोललो नाही. बटाटे वाढत राहिलो. तेव्हा आता लिहिते. मला समोर बसून सांगता येत नाही, कागदावर येतं.

टेलिव्हिजनवर कुस्त्या दाखवायचं काम मिळालं हे कळलं. मिसेस ओर्तेगाच्या भावाच्या खानावळीत ते यंत्र आहे. शुक्रवारी जाऊन बघितलं. दोन जाडे पुरुष एकमेकांवर पडत होते आणि तरीही कोण कुणाच्या कोणत्या बाजूला आहे हे ओळखताना मी एकदाही चुकले नाही. मी तिथल्या लोकांना म्हटलं, हे ज्याने केलंय ना, त्याला डावं-उजवं कळत नाही असं म्हणतात. ते म्हणाले, मूर्ख असतील म्हणणारे. मी म्हटलं, आहेतच.

स्ट्रॅटनने हॉलिवूडच्या पहिल्या खेळाचं आमंत्रण पाठवलं होतं, मोटार पाठवतो म्हणून. गेले नाही. माझ्या पहिल्या निश्चयाप्रमाणे थिएटराच्या दारात उभं राहायचं कारण तू घालवलंस, म्हणून तिकीट काढून आत बसले. व्हॅन नाइसला, दुपारच्या खेळाला. काळं नेसले नव्हते. आर्नेच्या वेळी नेसले नव्हते, आताही नाही. निळा पोशाख घातला, हॅलने सॅन फ्रान्सिस्कोहून आणलेला.

मोठ्या सिनेमाच्या आधी आपला लागला. लोक येत होते, खुर्च्या आपटत होत्या, शेंगदाण्यांच्या पुड्या वाजत होत्या. नाव पडद्यावर आलं, कोणी बघितलं नाही. पहिली काही मिनिटं तसंच. मग एकेक पुडी थांबत गेली.

कोर्टाचा भाग तू केलास ना? चांगला झालाय. न्यायाधीश पाणी पितो तो शॉट हॅलने घेतला नसता. घ्यायला हवा होता, असं म्हणेन.

शेवट आला. माझं घर पांढरं होतं. मी इतक्या लांबून कधी ते बघितलंच नव्हतं, मी नेहमी ओसरीवर असायचे. हॅलला त्या दिवशी मी कशी दिसले असेन ते मला प्रथमच दिसलं. एवढीशी. तो गेला खडकांमागे, ती बघत राहिली, मग तिने शेंग हातात घेतली. थिएटरात कोणी खोकलंसुद्धा नाही. मीही रडले नाही. रडायला आलं असतं तर रडले असते, आता मला कोणी अडवत नाही. पण नाही आलं.

दिवे लागले तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतला माणूस बायकोला म्हणाला, "संपला? असा कसा संपला?"

ती म्हणाली, "संपला तो संपला. ऊठ, मला आइस्क्रीम घेऊन दे."

तो उठेना. "अगं पण नवरा मरायला गेला तिचा. एक टिपूस नाही? बाई आहे की दगड?"

तिने रुमाल नाकाला लावला होता. मग तो मागे वळून मलाच म्हणाला, "तुम्ही सांगा, बाई. तुम्ही वयाने मोठ्या आहात. तिने रडायला नको होतं का?"

आजूबाजूचे दोघं-चौघं माझ्याकडे बघायला लागले. मी पर्स उचलली आणि म्हटलं, "तिची मर्जी."

तुझी,
ऑगस्टा